पुढच्या डाव्या चाकातला आवाज

"काका, आवाज नाहीये," तिसरी चक्कर मारून गाडी गॅरेजच्या दारात उभी करत मिस्त्री म्हणाला. इंजिन चालूच होतं.

"नाहीये कसा? डाव्या बाजूला, पुढच्या चाकात. बारीक किर्रर्र... आत्ताही येतोय की!" शेजारच्या सीटवरचे बाबा खवळले.

मागच्या सीटवर त्यांची मुलगी डोळे मिटून बसली होती. या महिन्यातली ही चौथी अर्धी रजा. साहेबांनी आज नुसतं घड्याळाकडे पाहिलं होतं. त्यापेक्षा दोन शब्द सुनावले असते तर बरं. तिला स्वतःला तो आवाज एकदाही ऐकू आला नव्हता. पण तिच्या कानाला विचारतो कोण? बाबांनी बत्तीस वर्षं बस चालवली होती. डेपोतले मिस्त्री अडले की चालत्या इंजिनाजवळ बाबांना उभं करत, आणि बाबा सांगतील तोच पार्ट खोलत. बाबा म्हणाले आवाज येतोय, म्हणजे येतोय. संपलं.

आणि आवाज येतोय म्हणून गेले तीन आठवडे बाबांनी स्टीअरिंगला हात लावला नव्हता. "असल्या गाडीत मी नातीला बसवणार नाही," म्हणाले. नातीला शाळेत सोडायचं आणि आणायचं, एवढं एकच काम त्यांना उरलं होतं. तेही थांबल्यापासून माणूस सकाळी आंघोळ करून, बूट घालून सोफ्यावर नुसता बसून राहायचा. बघवत नव्हतं.

पहिल्या गॅरेजवाल्यानं बेअरिंग बदललं. दुसऱ्यानं एसीत बसवलं, कॉफी पाजली, गाडीला कॉम्प्युटर जोडला आणि दोन्ही शॉकअब्सॉर्बर बदलले. आवाज होता तिथंच. आजार रेड्याला आणि औषध पखालीला! काढलेलं बेअरिंग बाबांनी घरी आणलं, पुसलं, कानाशी धरून फिरवलं. "हे बघ, यातच येतोय," म्हणाले. मग गाडीतला का जात नाही, याचं त्यांना नवल वाटत राहिलं.

हा तिसरा मिस्त्री तिला ऑफिसातल्या एकीनं सुचवला होता. "बिघाड नसेल तर सरळ नाही म्हणतो गं तो." आता तो खरंच नाही म्हणाला, तर हिचाच पारा चढला.

"अहो, दोन-दोन गॅरेजवाल्यांना ऐकू आला, आणि तुम्हालाच तेवढा येत नाही?"

मिस्त्रीनं आरशातून तिच्याकडे पाहिलं. "त्यांना ऐकू आला, ताई, की काकांनी सांगितला?"

तिला आधीची दोन्ही गॅरेजं आठवली. दोन्हीकडे पहिला प्रश्न एकच होता, काका, तुम्हाला काय वाटतं? बाबा सांगायचे, समोरचा मान डोलवायचा. "काय कान आहे काका तुमचा! आमच्या मशीनलाही जमत नाही." घरी येईपर्यंत बाबा फुललेले असायचे.

"तुम्ही म्हणाल तो पार्ट बदलीन मी, काका," मिस्त्री म्हणाला. "माझं काय जातंय? पण तुमचा आवाज जायचा नाही." मग मागे वळून तो तिला म्हणाला, "ताई, जरा उतरता का?"

ती उतरली. गाडीच्या काचा खालीच होत्या. चार पावलांवर जुन्या टायरांची चळत होती, तिथं जाऊन उभी राहिली. काय हवं ते बदला बाबांनो, पण संपवा एकदाचं, एवढंच तिच्या मनात होतं.

मिस्त्रीनं इंजिन बंद केलं. किल्ली काढून बाबांना दिसेल अशी हातात धरली.

"आता, काका?"

बाबांनी डोळे मिटले, मान डावीकडे कलती केली. डेपोत ऐकायचे तसंच. बराच वेळ गेला. मग डोळे उघडून त्यांनी किल्लीकडे पाहिलं. डाव्या कानावर तळवा दाबला, काढला, पुन्हा दाबला.

"येतोय," ते म्हणाले.

बाबा त्याच्याकडे झुकले आणि कुजबुजले, "पोरीला सांगू नका हं. गाडी काढून घेईल माझ्याकडून."

कुजबुजलो असं त्यांना वाटलं. पार पलीकडे चाकात हवा भरणाऱ्या माणसानंसुद्धा मान वर करून पाहिलं. हल्ली घरीही हेच चाललं होतं. "आजोबा, ओरडता काय हो," असं नात म्हणायची, आणि बाबा म्हणायचे, मी कुठे ओरडतोय? गाडीचं दार वाजलं तशी ती घाईघाईनं पाठमोरी झाली आणि टायरवरची अक्षरं वाचायला लागली.

"सापडला गं!" बाबा उतरत म्हणाले. "एक नट सैल होता. आवळला यांनी."

"हो का? बरं झालं, बाबा," ती म्हणाली.

मिस्त्रीकडे न बघता बाबांनी हात पुढे केला. "द्या किल्ली. उद्यापासून मीच सोडतो तिला शाळेत."

मिस्त्रीनं त्या हाताकडे पाहिलं, मग तिच्याकडे पाहिलं. पुढे येऊन त्यानं किल्ली दोघांच्या मध्ये, बॉनेटवर ठेवली आणि फडक्यानं हात पुसत आत निघून गेला.