चित्रांची पाटी

भूकंपानंतर सरकारी खर्चाला कात्री लागली, टोकियोतल्या एका वॉर्ड ऑफिसात निम्मे दिवे बंद झाले. भारतीयांच्या मदतीला दुभाष्यांच्या दोन खिडक्या मात्र चालू राहिल्या. एकीवर उल्का, दुसरीवर अनघा. उल्का माशा मारत बसायची आणि अनघापुढे ही रांग! “अनघाताई, कचरा कुठल्या पिशवीत टाकायचा?” असं कोणी विचारलं की उल्काचा नुसता जळफळाट व्हायचा. शेवटी तिने चंगच बांधला. कचरा, विमा, शाळाप्रवेश, सगळं चित्रांतून समजावणारी भलीमोठी पाटी दारातच लावली. लोक पाटी बघून परस्पर जाऊ लागले. अनघाची रांग आटली. एके दिवशी साहेब मोरी-सान आले. कमरेत वाकून म्हणाले, “उल्का-सान, तुमच्या पाटीने ऑफिसचा केवढा खर्च वाचवला!” त्यांनी स्वतः अनघाची खुर्ची उचलून आत नेली. उल्काला गुदगुल्या झाल्या. मग ते तिचीही न्यायला परत आले.