पोपटी पीस

आईची कुलूपबंद ट्रंक ताईच्या घरी पोहोचली, हे कळताच कुंदा चपला अडकवून निघाली. ताईने अठ्ठेचाळिसाव्या वर्षी नर्सची नोकरी सोडून शिलाई मशीन घेतलं काय, आणि तीस वर्षांचं कुलूप लगेच उघडलं काय! कुठेतरी पाणी मुरत होतं.

आईही तिथेच बसली होती. "दोघींना सगळं सारखं, असं तूच म्हणायचीस ना?" कुंदाने दारातूनच विचारलं.

"मग बघ की," आई म्हणाली.

ट्रंकेत नुसती कापडं होती. दर दिवाळीला आई एकाच ठाणातून दोन पीस फाडून घ्यायची. कुंदाचा लगेच शिवला जायचा. ताई म्हणायची, "ड्यूटीवर पांढरंच घालायचं. राहू दे माझा."

"तुझी वाटणी तू घालून विटवलीस. ही तिची," आई म्हणाली.

तरी कुंदा एकेक पीस उलगडून बघत राहिली. प्रत्येक रंग तिने अंगावर मिरवला होता. मग तिचे डोळे बारीक झाले. "माझ्या लग्नाआधीच्या दिवाळीचा पोपटी कुठाय? तो कुणाला दिलात?"

ताई सुईत दोरा ओवत होती. "तुलाच. ड्रेसला घेर मोठा हवा म्हणून रुसली होतीस. कापड पुरेना, मग माझाही त्यातच गेला."

संध्याकाळी कापडाच्या दुकानात कुंदाने आठ ठाणं उलगडायला लावली. तसला पोपटी आता येत नाही, असं दुकानदाराने दोनदा सांगितलं.

"नववं काढा," ती म्हणाली.