तीन गावांत एक खिडकी

ग्लेनिसने खोबऱ्याच्या केकचा पहिला तुकडा रेलीनच्या हातात ठेवला आणि चहाच्या किटलीआडून कुजबुजली, "माझं मत तुला, तुझं मला. ठरलं?"

"ठरलं की," रेलीन म्हणाली.

तीन गावांच्या नगरपालिका एकाच संगणकावर येणार होत्या. कुत्र्याचा परवाना, कचऱ्याचा डबा, खड्ड्याची तक्रार, सगळं फोनवर. माणूस बसलेली खिडकी तिन्ही गावांत मिळून एकच उरणार होती. ती कुठली, हे ठरवण्याचं पाप साहेबांनी स्वतःच्या माथी घेतलं नाही. खिडकीत बसणाऱ्या तिघींनीच ते मतदानाने ठरवायचं होतं. मेलबर्नहून आलेला सल्लागार कॅलम याला सहकार्य म्हणत होता. नियम एकच: स्वतःच्या गावाला मत द्यायचं नाही.

ग्लेनिसला खिडकी हवीच होती. तिच्या कोरालपमध्ये दुसरी नोकरी म्हणजे मेंढ्यांचा कत्तलखाना, आणि तिथे तिच्या वयाच्या बाईला कोणी उभं करत नव्हतं.

तिसरी, डेस्मा, व्हरांड्यात सिगरेट ओढत होती. ग्लेनिस तिच्यासाठीही तुकडा घेऊन गेली.

"माझं मत तुला, तुझं मला. रेलीनला बोलू नकोस हं."

"छे गं, मी कशाला बोलतेय?" डेस्माने बोटावरचं खोबरं चाटलं.

मत देताना ग्लेनिसने मनाशी हिशोब मांडला. दोन मतं तर पदरात पडली. आता आपलं कुठेही गेलं तरी बिघडत नाही. रेलीन चलाख, डेस्मा बिचारी. तिने फोनवर डेस्माचं गाव दाबलं.

पडद्यावर आकडे आले. डेस्माचं बुरंडाल, दोन. रेलीनचं टारविक, एक. कोरालप, शून्य.

"मतदान अगदी गुप्त आहे, मंडळी," कॅलम म्हणाला. "कोणी कोणाला दिलं, कधीच कळणार नाही!"

तिघींनी एकमेकींकडे पाहिलं.

"तू मला नाही दिलंस," ग्लेनिस रेलीनला म्हणाली.

"नाही दिलं. बाथरूममध्ये आम्ही दोघींनी तुझा शब्द ताडून पाहिला. एकाच साच्यातला निघाला. मग मी हिला दिलं, हिने मला." रेलीनने कप खाली ठेवला. "राहिलं तुझं. एकीला तरी शब्द पाळलास बाई. नेमका हिला."

"चला, वार्तापत्रासाठी फोटो!" कॅलमने फोन वर धरला. "जवळ या, अजून जवळ. ग्लेनिस, तुम्ही उंच, तुम्ही मध्ये. हसा की!"

दोघींनी दोन बाजूंनी तिच्या कमरेत हात घातला. डेस्माने तर गालाला गाल लावला.

"हस गं," ती ग्लेनिसच्या कानात म्हणाली. "आणि फोनवर काही जमलं नाही ना, तर सरळ माझ्याकडे ये. मी तुला समोर बसवून करून देईन."