दिव्याभोवतीचं कडं

"दिवे काही खरे वाटत नाहीत, वैजू," म्हणत अण्णांनी टेबलाला जोडलेलं खेळातलं स्टिअरिंग सोडलं.

वैजयंतीला ते लागलं. गाडी चालवायच्या या कॉम्प्युटरवरच्या खेळातले रस्त्यावरचे दिवे तिने वर्षभर खपून बनवले होते. पण जन्मभर रात्रीच्या कसारा घाटातून भाड्याची गाडी चालवलेल्या बापापुढे ती काय बोलणार? "काय कमी आहे?" तिने विचारलं.

"कडं कुठाय? दिव्याभोवती रंगीत कडं असतं की."

"धुक्यात म्हणताय का?"

"धुकं कशाला? हल्ली रोजच असतं. तो समोरचा बघ ना."

तिने खिडकीबाहेर पाहिलं. कोपऱ्यावरच्या खांबावरचा दिवा नुकताच लागला होता. हवा स्वच्छ होती. दिव्याभोवती काहीही नव्हतं.

"कसं असतं ते नीट सांगा," ती म्हणाली.

अण्णा खुलले. आत निळसर, बाहेर तांबूस, चंद्राला खळं पडतं तसं. ते सांगत गेले, तसं ती पडद्यावर काढत गेली. कडं पुरं होताच ती उठून दाराजवळच्या खुंटीपाशी जाऊन आली.

"आता कसा खरा वाटतोय." अण्णा समाधानाने उठले. "चल, निघतो. पॅसेंजर वाट बघत असेल."

खुंटीवर गाडीची किल्ली नव्हती. ती वैजयंतीच्या मुठीत होती.

"पॅसेंजरला दुसरी गाडी पाठवू. आपण डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाऊ," ती हळूच म्हणाली. "ते कडं फक्त तुम्हालाच दिसतंय, अण्णा."