न धुतलेला गाऊन

मी जन्मभर विटा रचल्या, विमानात पहिल्यांदाच बसलो, तेही नुकत्याच रांगणाऱ्या नातीला तिच्या बापाकडे पोचवायला. लेक आमची महिन्यापूर्वी वारली. निघताना म्हातारीनं लेकीचा गाऊन हातात दिला. "अहो, जिवापाड सांभाळा. मुद्दाम धुतला नाही. आईचा वास आला की झोपते ती." खरंच, विमान उडालं तरी पोरगी गाऊनात नाक खुपसून गाढ झोपली. उठली आणि त्याच्यावरच भडाभडा ओकली. मी तिचं तोंड पुसतोय तेवढ्यात हवाईसुंदरीनं गाऊन उचलून नेला. आली ती हसतच. "बाबा, साबण लावून धुतला बघा, कसा फुलासारखा वास येतोय!" भल्या मनाची पोर ती. "गुणाची आहेस गं," म्हणालो. नातीनं गाऊनात तोंड घातलं, हुंगलं, आणि टाहोच फोडला. मग मीही नाक लावून बघितलं. आमची लेक त्यात कुठंच नव्हती.