वायर का अडकते

"वायर येते, येते आणि मधेच थांबते, बाबा. आत रोलरपाशी नुसता गुंता," मुलगी फोनवर सांगत होती.

बायकोने फोन मिस्त्रींच्या मांडीवर ठेवला आणि आवाज मोठा केला. मिस्त्री खुर्चीत बसून भिंतीकडे पाहत होते. अडीच महिन्यांपूर्वी अर्धांगाच्या झटक्यात त्यांचा उजवा हात गेला, वाचाही गेली. वाचा थोडीफार परतली होती, पण ती वापरायला त्यांची तयारी नव्हती. डॉक्टरांनी बजावलं होतं, की या दिवसांत जेवढं बोलतील तेवढं पुढे टिकेल. गप्प बसले तर गप्पच राहतील.

बोलण्याचा सराव करून घ्यायला एक बाई घरी येत. त्या चित्र दाखवून म्हणत, "हा कोण? म्हणा, घो-डा." चाळीस वर्षं वेल्डिंगचं वर्कशॉप दणाणून सोडणाऱ्या माणसाने घोडा म्हणायचं! तिसऱ्या दिवशी मिस्त्रींनी ओठ मिटले ते मिटलेच. बायको रडली, रागावली आणि शेवटी तिनेही हात टेकले.

आता ही पोर. तिच्या घरच्या जिन्याचा कठडा निखळला म्हणून तिने कुठल्याशा बंद पडलेल्या कारखान्यातून वेल्डिंगची, वायर रोलरने पुढे ढकलणारी जुनी मिग मशीन उचलून आणली होती. लहानपणी ठिणगी दिसली की हीच आईच्या मागे लपायची. मिस्त्रींना हसू आलं आणि मनातून बरंही वाटलं.

"टिप," ते म्हणाले.

बायको जागच्या जागी उभी राहिली.

"काय, बाबा?"

"टिप... बदल."

दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला फोन आला. टिप, म्हणजे वायर बाहेर पडते ते टोक, बदलली होती, तरी रडगाणं तेच.

"केबल... सरळ ठेव. वळली असेल."

तिसऱ्या दिवशी लायनरचा विषय निघाला. लायनर म्हणजे काय, हे तिला कुठलं माहीत असायला? वायर ज्या नळीतून जाते ती नळी, तिच्यात कचरा साठतो, हवा मारून साफ करायची. एवढं सांगायला मिस्त्रींना पाच मिनिटं लागली आणि घाम फुटला. पोरीने मधे एकही शब्द सुचवला नाही. ती नुसती थांबून राहिली.

मशीनही हट्टी निघाली. एक दोष काढावा तर दुसरा हजर. मिस्त्री दिवसभर तिचाच विचार करू लागले. डाव्या हाताने त्यांनी कागदावर रोलर काढला, बायकोला समोर बसवलं आणि त्याची खाच वायरच्या मापाची का हवी ते समजावलं. बायकोला ओ की ठो कळलं नाही, पण ती मान डोलवत राहिली.

"बाजूचं झाकण उघड," त्यांनी संध्याकाळी फर्मावलं.

"उघडलं."

"एवढ्यात? चार स्क्रू असतात त्याला."

"काढले ना, बाबा."

पोरीचा हात भलताच चालायला लागलाय, असं मिस्त्रींना वाटलं.

बाराव्या दिवशी ते चक्क खेकसले. "अगं, अर्थिंगचा चिमटा गंजावर लावलास तर जाळ लागेल कसा? आधी घासून लोखंड पांढरं कर!"

 पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला.

"सर्दी झालीय," मुलगी म्हणाली. "घासते मी. उद्या जाळ लावून ऐकवते तुम्हाला."

तेराव्या दिवशी मिस्त्री सकाळपासून अस्वस्थ होते. मशीन नुसती चालू होऊन भागत नव्हतं. हात निकामी झाला तरी आपलं डोकं अजून कुणाच्या कामाचं आहे की नाही, तेच आज कळणार होतं. फोन आला तेव्हा त्यांनी तो स्वतः डाव्या हाताने उचलून कानाला लावला. बायको दारात उभी होती.

"लावते हं, बाबा. ऐका."

तडतड सुरू झाली. थांबली. पुन्हा सुरू झाली. मिस्त्रींनी डोळे मिटले. कपाळावर एक आठी आली, बराच वेळ राहिली आणि हळूहळू गेली. मिटल्या डोळ्यांतून पाणी गालावर उतरलं.

"बरोबर येतोय का आवाज?" मुलीने विचारलं. तिचा स्वर घाबरलेला होता.

"झकास," मिस्त्री म्हणाले. "पण एवढ्यावर सोडू नकोस. मशीनचा गॅस कुठेतरी गळतोय. उद्या फोन कर, बघू आपण."

"करते, बाबा. नक्की करते."

त्यांनी फोन खाली ठेवला. बायको पदराने डोळे टिपत होती.

"झाली का हो एकदाची दुरुस्त?"

मिस्त्रींनी तिच्याकडे रोखून पाहिलं आणि मग, न अडखळता, हळू आवाजात म्हणाले, "तिला सांग, उद्या कढईपासून जरा लांब उभी राहा. तापलेल्या तेलात पाणी टाकतेय पोर, अंगावर उडेल."