एकट्या बुटाचं नाव

"काकू, याला काय म्हणता?" भाषांची पाहणी करत फिरणाऱ्या मुलीने फळीवरचा एक बूट उचलून वर धरला.

बूटवाल्याच्या बायकोने बुटाकडे पाहिलं, मग वाकून बाकाखाली पाहिलं. "दुसरा कुठं गेला?"

"दुसरा नाहीच असं समजा."

"असं कसं समजू? आत्ता तर होता!" आणि ती खरंच शोधायला लागली.

मुलीने कपाळावर हात मारला. नदीच्या अलीकडच्या भाषेचा कागद बूटवाल्याने चुटकीसरशी भरून दिला होता. एकाला हा शब्द, अनेकांना तो. पण बायको पलीकडची. तिच्या भाषेत डोळे, हात, बूट, जे जे दोन-दोन असतं ते दोन्ही मिळून एकच. 'जोडी' म्हटलं की झालं. त्यातलं एकच उरलं तर काय म्हणायचं? बत्तीस गावांच्या तक्त्यात तेवढाच एक चौकोन रिकामा होता आणि तक्ता दुपारी छापायला जायचा होता. सहा महिन्यांच्या पायपिटीला त्या चौकोनाचं गालबोट लागणार म्हणून तिचा जीव खालीवर होत होता.

तेवढ्यात कुबड्या टेकत निवृत्त पोस्टमन आत आले. त्यांना उजवा पाय नव्हता. बूटवाल्याने फडक्याने पुसून एकच डावा बूट त्यांच्यापुढे ठेवला. तपकिरी, नवाकोरा.

मुलगी ताडकन उठली. "काकू, आता सांगा! याला तर दुसरा नाहीच!"

"जोडी," काकू म्हणाली.

"अहो, पण हा एकटा आहे!"

"एकटा कशाने, पोरी? उजवा माझ्या माहेरच्या सुताराच्या पायात आहे की. त्याला डावा पाय नाही. माप दोघांचं एकच. दरवर्षी एक जोडी शिवतो आम्ही."

"आणि दोघं भेटतात?"

"एकदाही नाही," बूटवाला म्हणाला. "पण रंगावरून दरवर्षी भांडतात. निरोप पोचवून पोचवून आमचे पाय झिजले!"

मुलीला हसू आवरेना. रिकाम्या चौकोनात तिने ठळक अक्षरांत 'जोडी' लिहिलं. सहा महिन्यांत झाला नव्हता एवढा आनंद तिला त्या एका शब्दाने झाला.

पोस्टमननी बूट चढवला, नाडी बांधली, पाय लांब करून निरखला. मग तोंड वाकडं करून काकूला म्हणाले,

"वहिनी, त्या सुताराला सांगा, रोज पॉलिश करत जा म्हणावं. माझा चकचकीत आणि त्याचा भुशाने माखलेला... चारचौघांत बरं दिसत नाही."